दारूकाम, भिंत आणि परवाना : बंदिस्त सभागृहातील आतषबाजीच्या कायद्याचा इतिहास

फेब्रुवारी २००३. अमेरिकेत तीन दिवसांच्या अंतराने दोन संगीतगृहांना आग लागली. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते : मंचावर उडवलेले शोभेचे दारूकाम. पहिल्या आगीत एकही जीव गेला नाही, दुसरीत शंभर माणसे मृत्युमुखी पडली. बंदिस्त जागेतील आतषबाजीविषयी कायदा कसा विचार करत आला आणि त्याचे लक्ष कुठे कमी पडले, हे पाहायचे तर या दोन रात्रींपासून आरंभ करणे सोयीचे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

१७ फेब्रुवारीच्या रात्री मिनियापोलिस शहरातील ‘फाइन लाइन म्युझिक कॅफे’मध्ये एका रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू होता. मंचावरच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि ज्वाळा छताकडे गेल्या. छतात पाण्याचे स्प्रिंकलर होते. ते सुरू झाले, सुमारे सव्वाशे प्रेक्षक बाहेर पडले आणि प्रकरण मालमत्तेच्या नुकसानीवर निभावले. आज या आगीची आठवण कोणी काढत नाही. न घडलेल्या संकटांची बखर लिहिली जात नाही!

२० फेब्रुवारीची रात्र. ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत छोट्या राज्यात, वेस्ट वॉरविक गावी ‘द स्टेशन’ नावाचा नाइटक्लब होता. लाकडी सांगाड्याची, एकमजली, जुनी इमारत. रात्री अकरा वाजून गेल्यावर ‘ग्रेट व्हाइट’ हा वाद्यवृंद मंचावर आला आणि पहिल्याच गाण्याबरोबर मंचामागे चार ‘जर्ब’ पेटवण्यात आले. जर्ब म्हणजे आपल्याकडच्या भुईनळ्याचा व्यावसायिक भाऊबंद. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पेंढी’. ठिणग्यांचा झोत बांधलेल्या पेंढीसारखा वर उघडतो, म्हणून हे नाव. यातील प्रत्येक जर्ब पंधरा फूट झोत पंधरा सेकंद देणारा होता.

मंचामागील भिंतींवर पॉलियुरेथेन फोम चिकटवलेला होता. क्लबच्या गोंगाटाविषयी शेजारून तक्रारी येत होत्या, त्यावर उपाय म्हणून मालकांनी २००० साली तो बसवला होता. आग रोखणारी कोणतीही प्रक्रिया त्यावर केलेली नव्हती. ठिणग्या पडताच फोम पेटला. प्रेक्षकांतील अनेकांना ती ज्वाळा कार्यक्रमाचाच भाग वाटली. अर्ध्या मिनिटात वादन थांबले, त्यानंतर धोक्याची घंटा वाजली, आणि दीड-पावणेदोन मिनिटांत मुख्य दारात माणसांचा ढीग साचला. इतर दारे होती. पण माणूस संकटात ज्या वाटेने आला त्याच वाटेकडे धावतो. साडेचारशेच्या आसपास लोक आत होते, परवान्यातील मर्यादेपेक्षा अधिक. शंभर जण दगावले, दोनशेहून अधिक जखमी झाले. छतात स्प्रिंकलर नव्हते.

या आगीचे चित्रीकरण उपलब्ध आहे, आणि ते असण्याचे कारणही विलक्षण आहे. १७ तारखेलाच पहाटे शिकागोतील एका नाइटक्लबमध्ये चेंगराचेंगरी होऊन २१ जण मृत्युमुखी पडले होते. त्या निमित्ताने क्लबांच्या सुरक्षिततेवर बातमीपट करण्यासाठी स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीचा एक छायाचित्रकार त्या रात्री ‘द स्टेशन’मध्ये उपस्थित होता. आगीचा सेकंदासेकंदाचा जो हिशेब पुढे तज्ज्ञांनी मांडला, त्याचा मोठा आधार हेच चित्रीकरण.

स्वाभाविक प्रश्न असा की, त्या काळी कायदा नव्हता काय? उत्तर असे की, होता. तो कसा होता हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

छपराखालील दारूकामाचा सर्वांत प्रसिद्ध जुना अपघात लंडनमधील ग्लोब नाट्यगृहाचा. २९ जून १६१३ रोजी शेक्सपिअरच्या आठव्या हेन्रीवरील नाटकात राजाच्या आगमनाप्रीत्यर्थ तोफा डागल्या गेल्या. त्यातील जळता बोळा गवताच्या छपरात अडकला आणि तासाभरात नाट्यगृह भस्मसात झाले. जीवितहानी झाली नाही. एका प्रेक्षकाच्या विजारीने पेट घेतला, तो बीअर ओतून विझवला, असा उल्लेख समकालीन पत्रात सापडतो. पुढच्या वर्षी ग्लोब पुन्हा उभे राहिले ते कौलारू छपरासह. नाटकात तोफ डागू नये असा नियम कोणी केला नाही. मालकांनी ठिणगीला हात न लावता छप्पर बदलले, आणि तो निर्णय, पुढचा इतिहास पाहता, फार शहाणपणाचा होता.

कायदेमंडळे मात्र दीर्घकाळ उलट दिशेने चालली. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६९७ साली फटाके, बाण इत्यादी बनवणे, विकणे व फेकणे यांविरुद्ध कायदा केला. त्यामागे रस्त्यांवरच्या उच्छादात गेलेले जीव आणि गमावलेले डोळे होते. या कायद्याने दारूकामास ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवले. सरकारी तोफखान्याला तेवढी सूट दिली. पुढे २ ऑक्टोबर १८७४ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कलगतच्या कालव्यात बंदुकीची दारू वाहून नेणारी नौका स्फोटात उडाली, आणि १८७५ चा ब्रिटिश स्फोटक कायदा आला. कारखाना, कोठार, वाहतूक व विक्री हे त्याचे चार खांब. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८४ चा स्फोटक अधिनियम झाला. त्याच्या व्याख्येत नायट्रोग्लिसरीनच्या पंगतीत फटाकेही बसले, आणि ते आजही तिथेच बसलेले आहेत.

या साऱ्या कायद्यांच्या दृष्टीने धोका म्हणजे दारूचा साठा. कोठाराची भिंत किती जाड असावी, हे त्यांना बारकाईने माहीत होते. दारू पेटवली जाते त्या सभागृहाची भिंत कशाची असावी, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत आलाच नाही. दोष द्यावा असे त्यात काही नाही. कायदा नेहमी मागच्या अपघाताकडे पाहून लिहिला जातो आणि मागचा अपघात कोठाराचा होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताच्या मैफलींनी चित्र बदलले. ज्वाळांचे लोळ आणि ठिणग्यांचे कारंजे हा कार्यक्रमाचा अपेक्षित भाग झाला. प्रचंड क्रीडागृहांतून ही प्रथा हळूहळू शे-दोनशे माणसांच्या ठेंगण्या क्लबांपर्यंत उतरली. मोठ्या वाद्यवृंदाजवळ दारूकामाचा स्वतंत्र तज्ज्ञ असे. छोट्या वाद्यवृंदात तेच काम दौऱ्याचा व्यवस्थापक सामानसुमान लावता लावता करून टाकी.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने, म्हणजे एनएफपीएने, १९९२ साली ‘११२६’ या क्रमांकाची मानके प्रसिद्ध केली. विषय : प्रेक्षकांच्या निकट केले जाणारे दारूकाम. यात प्रथमच साठ्याऐवजी प्रयोगाकडे पाहिले गेले. कार्यक्रमाआधी स्थानिक अधिकाऱ्याकडे लेखी आराखडा द्यावा; कोणता नळा, किती, कुठे ठेवला जाणार आणि ठिणग्या किती त्रिज्येत पडणार याचा नकाशा जोडावा; अधिकाऱ्याने मागितल्यास प्रात्यक्षिक दाखवावे; आग विझवण्याची साधने व माणूस हजर ठेवावा. प्रेक्षक आणि नळा यांत किमान पंधरा फूट किंवा ठिणग्यांच्या त्रिज्येच्या दुप्पट, यांपैकी जे अधिक असेल ते अंतर राखावे.

मानके उत्तम होती. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत होते : कोणीतरी परवान्यासाठी अर्ज करील. अर्ज आला तर अधिकारी येणार, भिंत पाहणार, फोमवर बोट ठेवणार. अर्जच आला नाही तर ही सगळी यंत्रणा कपाटात निजलेली राहणार.

ऱ्होड आयलंडमध्ये नेमके हेच घडले. राज्यात अशा प्रयोगाला परवाना आवश्यक होता आणि त्या रात्रीसाठी तो कोणीही घेतलेला नव्हता. वाद्यवृंदाचे म्हणणे, क्लबने तोंडी संमती दिली होती. मालकांचे म्हणणे, आम्हांला काहीच कल्पना नव्हती. दुसरीकडे, फोम बसवल्यानंतरही क्लबची अग्निसुरक्षा तपासणी एकाहून अधिक वेळा झाली होती आणि त्या तपासण्यांत फोमची नोंद झाली नव्हती. तपासणी करणाऱ्यावर पुढे फौजदारी खटला झाला नाही. मृतांच्या अनेक नातलगांच्या मनात हा सल कायमचा राहिला, आणि तो अकारण नव्हता.

खटल्याची रचना कायद्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. नळे पेटवणारा दौरा-व्यवस्थापक डॅनियल बिकेल याने फेब्रुवारी २००६ मध्ये मनुष्यवधाचे शंभर आरोप मान्य केले. हेतू नसताना झालेल्या मृत्यूला मनुष्यवध ठरवण्यासाठी कायद्याला मुळाशी एखादे बेकायदा कृत्य लागते. इथे ते होते विनापरवाना दारूकाम. एरवी किरकोळ म्हणून सुटला असता असा अपराध शंभर मृत्यूंचे ओझे पेलण्यास उभा केला गेला. क्लबचे मालक जेफ्री व मायकेल डर्डेरियन या बंधूंनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आरोपांचा प्रतिवाद न करण्याची भूमिका घेतली. त्यांच्या बाबतीत मुळाशी असलेला अपराध होता ज्वालाग्राही फोम लावण्याचा. म्हणजे ठिणगी एकाच्या माथी आणि भिंत दुसऱ्याच्या. न्यायालयात ती दोन स्वतंत्र प्रकरणे झाली. त्या रात्री ती एकच गोष्ट होती.

बिकेलला पंधरा वर्षांची शिक्षा झाली, त्यातील चार प्रत्यक्ष तुरुंगात भोगावयाची. मायकेल डर्डेरियनला तशीच शिक्षा मिळाली. जेफ्रीला तुरुंगवास न होता स्थगित शिक्षा व समाजसेवा. बिकेलने मृतांच्या शंभरही कुटुंबांना स्वहस्ते पत्रे लिहिली. २००८ मध्ये त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा प्रश्न आला तेव्हा काही कुटुंबांनी तिला विरोध न करता पाठिंबा दिला. मात्र कबुलीमुळे सुनावणीच झाली नाही. साक्षीपुरावे उघड न्यायालयात कधी आले नाहीत, आणि आपल्या माणसाच्या मृत्यूची पूर्ण कथा न्यायाधीशापुढे ऐकण्याची अनेकांची इच्छा अपुरी राहिली. दिवाणी दाव्यांत डझनावारी प्रतिवादींनी मिळून सुमारे १७ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई दिली.

तांत्रिक चौकशी ‘निस्ट’ या केंद्रीय मानक संस्थेने केली. तिने मंचाचा भाग जसाच्या तसा उभारून दोनदा पेटवला, एकदा स्प्रिंकलरविना आणि एकदा स्प्रिंकलरसह. पहिल्या प्रयोगात दीड मिनिटातच माणूस तग धरू शकणार नाही अशी स्थिती झाली. दुसऱ्यात आग आटोक्यात राहिली आणि बाहेर पडण्यास वेळ मिळाला असता असे दिसले. मिनियापोलिसच्या रात्रीने जे सहज सिद्ध केले होते, ते प्रयोगशाळेने आकड्यांत मांडले. तरीही संस्थेने आपल्या अहवालात नमूद केले की, २००३ च्या नमुना नियमांनुसारही अशा जुन्या इमारतीला स्प्रिंकलर सक्तीचे नव्हते. नवा नियम नव्या इमारतीला आणि जुन्या इमारतीला जुनाच नियम, ही बांधकाम कायद्यातील सर्वमान्य सवलत. मालकाच्या दृष्टीने ती न्याय्य. दाराशी चिरडल्या गेलेल्यांना तिचा अर्थ वेगळाच कळला.

या सवलतीवरच पहिला घाव पडला. ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने २००३ च्या उन्हाळ्यातच व्यापक अग्निसुरक्षा कायदा करून जुन्या इमारतींना नव्या नियमांखाली आणले. त्याच जुलैत एनएफपीएने आपली मानके तातडीने सुधारली : नव्या नाइटक्लबना स्प्रिंकलर सक्तीचे, जुन्यांपैकी शंभराहून अधिक माणसे सामावणाऱ्यांनाही सक्तीचे, गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेली माणसे नेमणे आवश्यक. ग्लोबच्या कौलांपर्यंत पोहोचायला कायद्याला ३९० वर्षे लागली.

यानंतर जगाने धडा घेतला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते.

३० डिसेंबर २००४, ब्वेनोस आयरेस. ‘रेपुब्लिका क्रोमान्योन’ या क्लबमध्ये प्रेक्षकांतून सुटलेल्या दारूकामाने छताखालचे आच्छादन पेटले. आणीबाणीचे दार बंद करून ठेवलेले होते. मृत्यू १९४. येथे आतषबाजी मंचावरून झालीच नव्हती, त्यामुळे कलाकाराला परवाना सक्तीचा करून हा अपघात टळला नसता. दरवाजा मात्र कायद्याच्या आवाक्यात होता. या प्रकरणी २००६ मध्ये शहराच्या महापौरांना पद गमवावे लागले.

५ डिसेंबर २००९, रशियातील पेर्म. ‘लेम हॉर्स’ क्लबच्या वर्धापनदिनी ‘थंड’ म्हणवणारे दारूकाम उडवले गेले. छत वाळलेल्या फांद्यांनी सजवलेले. दीडशेहून अधिक मृत्यू. ‘थंड’ या विशेषणाने जगभर जितका घात केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाने केला असेल. ठिणगी नेहमीच्या दारूकामापेक्षा कमी तापमानाची असते, एवढाच त्याचा अर्थ. ती वाळक्या काटकीला किंवा फोमला पेटवू शकत नाही असा नव्हे.

२७ जानेवारी २०१३, ब्राझीलचे सांता मारिया हे विद्यापीठाचे गाव. ‘किस’ क्लबमध्ये २४२ जण गेले, बहुतेक विद्यार्थी. वापरलेला नळा मोकळ्या मैदानासाठीचा होता. तो अडीच रेआलला मिळे आणि बंदिस्त जागेसाठीचा सत्तर रेआलला, असे तपासात पुढे आले. भिंतीवर पुन्हा तोच फोम. बहुतेकांचा जीव विषारी धुराने गेला. देशाला सर्वंकष कायदा करायला चार वर्षे लागली. ३० मार्च २०१७ चा तो कायदा ‘किस कायदा’ या नावानेच ओळखला जातो. खटला आणखी लांबला. डिसेंबर २०२१ मध्ये चौघे दोषी ठरले, ऑगस्ट २०२२ मध्ये तो निकाल रद्द झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून तो पुन्हा लागू झाला. मुलांची छायाचित्रे छापलेले सदरे घालून आईबाप त्या प्रत्येक तारखेला हजर असत.

३० ऑक्टोबर २०१५, बुखारेस्ट. ‘कोलेक्टिव्ह’ क्लब, पुन्हा जर्ब, पुन्हा ध्वनिरोधक फोम. साठहून अधिक मृत्यू, त्यातले निम्म्याहून जास्त नंतर रुग्णालयांत. रस्त्यांवर लोक उतरले आणि पाच दिवसांत पंतप्रधान व्हिक्टर पोंटा यांनी राजीनामा दिला. अग्निशमन दलाच्या संमतीविना चालणाऱ्या एका क्लबने सरकार पाडले.

आता आपल्याकडे. मांडवातले दारूकाम आपल्याला नवे नाही. भांडारकर संस्थेचे अभ्यासू अभिरक्षक (क्युरेटर) प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर १९५३ साली प्रबंधिका लिहिली; तीत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील दारूकामाच्या वर्णनाची नोंद त्यांनी केली आहे. सोळाव्या शतकातल्या मराठी कवीला लग्न म्हटले की ठिणग्या आठवत होत्या, इतकी ही सवय मुरलेली.

स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे. १८८४ चा अधिनियम आणि त्याखालील २००८ चे नियम ती राबवते. त्या नियमांचा भर आजही उत्पादन, साठवण, वाहतूक आणि विक्री यांवर आहे. १९९९ पासून फटाक्यांच्या आवाजाला मर्यादा आली : फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. नंतर न्यायालयांनी वेळ आणि धूर यांकडे लक्ष दिले. इमारतीची बाजू राज्यांच्या अग्निसुरक्षा कायद्यांकडे; महाराष्ट्रात तो २००६ चा. म्हणजे ठिणगी एका कार्यालयाच्या फायलीत आणि भिंत दुसऱ्या. त्यातच अलीकडे लग्नात वरमाला घालताना वधूवरांच्या दोन्ही बाजूंना ठिणग्यांचे कारंजे उडवणारी विजेवरची यंत्रे आली. त्यांत बंदुकीची दारू नसते. धातूची भुकटी तापवून पंख्याने वर फेकली जाते. दारूच्या साठ्याला समोर ठेवून रचलेल्या कायद्याला या यंत्राकडे पाहताना साहजिकच गोंधळल्यासारखे होते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात उत्तर गोव्यातील हडफडे येथील एका नाइटक्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ जण मृत्युमुखी पडले, त्यांतले बरेचसे तिथेच राबणारे कर्मचारी. क्लबच्या आत उडवलेल्या विद्युत फटाक्यांमुळे आग लागली, असे शासनाने प्राथमिक चौकशीनंतर सांगितले. काही दिवसांतच उत्तर गोवा जिल्हा प्रशासनाने जिल्ह्यातील क्लब, बार, हॉटेले व तत्सम पर्यटनस्थळांच्या आत फटाके, फुलबाज्या, ज्वाळा फेकणारी आणि धूर सोडणारी उपकरणे वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होता, आणि त्या कलमाखालचे आदेश मुदतीचे असतात. याची मुदत होती साठ दिवस.